चिंचोक्याएवढी

आपल्याकडे लहान वस्तूंची मापं स्वयंपाकघरातून येतात. मोहरी, मसूर, वाटाणा, चिंचोका, सुपारी, लिंबू. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या शीटवर अर्ध्या मिलिमीटरसाठी मार्क घालवलेला माणूससुद्धा अंगावरची गाठ दाखवायची वेळ आली की 'चौदा मिलिमीटर' म्हणत नाही. तो म्हणतो, चिंचोक्याएवढी.

आमच्या लेकीच्या डाव्या काखेत अशी चिंचोक्याएवढी गाठ सापडली तेव्हा ती अकरा आठवड्यांची होती. आज ती नऊ महिन्यांची आहे आणि हे लिहितोय तेव्हा लॅपटॉपच्या चार्जरची वायर तोंडात घालायच्या खटपटीत आहे. म्हणजे शेवट गोड आहे, हे आधीच सांगून टाकतो. एका हाताने बाळ सांभाळत दुसऱ्या हाताने 'बाळाच्या काखेत गाठ' असं मोबाइलवर शोधणारं कुणी हे वाचत असेल, तर त्याला उगाच ताटकळत ठेवण्यात काय अर्थ आहे?

तर झालं असं. गाठ सापडली सासूबाईंना. बाळंतपणासाठी त्या सांगलीहून आमच्याकडे पुण्याला आल्या होत्या. अंघोळ घालायला मावशी यायच्या, पण त्यानंतरचं पुसणं, धुरी, काजळ-पावडर हे सगळं खातं सासूबाईंकडे. काखेतली पावडर नीट पुसताना त्यांच्या बोटाला काहीतरी लागलं. तो दिवस गुरुवार. आम्हाला त्यांनी सांगितलं शनिवारी संध्याकाळी.

मधले दोन दिवस त्या का गप्प राहिल्या हे समजायला थोडं मागे जावं लागेल. बायको बारावीला असताना सासूबाईंना स्तनाचा कॅन्सर झाला होता. तोही पहिल्यांदा हाताला लागला होता काखेतच. मग ऑपरेशन, केमो, केस जाणं, परत येणं. बायकोने बारावीचा अर्धा अभ्यास दवाखान्याच्या बाकावर बसून केलाय. सासूबाई त्यातून खणखणीत बऱ्या झाल्या. पण त्या घरात 'गाठ' या शब्दाला तेव्हापासून एकच अर्थ उरलाय.

"अगं, जरा इथे हात लाव बघू," एवढंच त्या म्हणाल्या. बायकोने हात लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बघ." मी बघितलं. कातडीखाली गुळगुळीत, टणक, बोटाने ढकलली तर किंचित सरकणारी. लेक मात्र मजेत. गुदगुल्या होतायत असं समजून हसत होती.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाई सोमवारशिवाय भेटणार नव्हत्या, म्हणून रात्री एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने दोन मिनिटं तपासलं आणि म्हणाला, "लिम्फ नोड वाटतोय. सोमवारी सोनोग्राफी करून घ्या. काही गोष्टी रूल आउट कराव्या लागतील."

"कोणत्या गोष्टी?"

"बरंच काही असू शकतं."

आता त्याच्या बाजूने विचार केला तर त्याचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. बाहेर दहा-बारा पेशंट खोळंबले होते, त्यातला एक मुलगा झोक्यावरून पडून रक्तबंबाळ होऊन आला होता. पण आमच्या कामात एखाद्याने तिकिटावर 'बरंच काही असू शकतं' असं लिहून ते पुढे ढकललं, तर पुढच्या माणसाचा शनिवार-रविवार गेला म्हणून समजा. आमचाही गेला.

त्या दीड दिवसात एकाच घरातली माणसं किती वेगवेगळ्या तऱ्हेने काळजी करतात ते बघायला मिळालं. सासूबाईंनी स्वयंपाकघर उपसून काढलं. शनिवारी रात्री साडेअकराला त्या डबे घासत होत्या. माझे बाबा कोल्हापूरहून दर तीन तासांनी फोन करून एकच प्रश्न विचारत होते, "ताप आहे का?" नाही म्हटलं की "बरं" म्हणून फोन ठेवत होते. बायकोने लेकीला अंगापासून दूर केलं नाही, पण काखेकडे एकदाही बघितलं नाही. आणि मी वाचत होतो. रात्री दोनला, अंधारात, मोबाइलचा ब्राइटनेस कमी करून.

इंटरनेटवर यादी मिळते, पण यादीला वजनं नसतात. लहान बाळाच्या काखेतल्या गाठीची दहा कारणं एकाखाली एक, एकाच फॉन्टमध्ये लिहिलेली असतात. पहिलं कारण रोज दवाखान्यात दिसणारं आणि शेवटचं दुर्मिळातलं दुर्मिळ, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखीच मोठी दिसतात. आणि डोकं अचूक शेवटच्या ओळीवर जाऊन बसतं.

"काय वाचतोयस ते मला सांगू नकोस," बायको कूस न बदलता म्हणाली. मी मोबाइल पालथा ठेवला. थोड्या वेळाने परत म्हणाली, "पण काही लपवूही नकोस हं."

या दोन वाक्यांच्या मधे कुठे उभं राहायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

रविवारी सकाळी मावशी आल्या. त्यांना सांगितलं. त्यांनी मांडीवर घेतलेल्या लेकीचा डावा हात वर केला, बोटाने चाचपून बघितलं आणि अंघोळीचं पाणी विसणायला घेतलं. म्हणाल्या, "अवधाण आलंय. दंडावरच्या सुईचं आसंल. लई पोरांना येतं."

अवधाण! हा शब्द मी लहानपणी आजीच्या तोंडी ऐकला होता. पायाला खिळा लागून जखम चिघळली की जांघेत गाठ येते, दुखते, आणि जखम बरी झाली की बसते. आजी म्हणायची, अवधाण आलं. गंमत म्हणजे शेवटच्या 'ण'चा 'न' केला की अवधान, म्हणजे लक्ष. दोन शब्दांचा काही संबंध आहे की नाही ते भाषातज्ज्ञांनी बघावं. पण कुठेतरी काहीतरी घुसलंय आणि शरीराचं तिकडे लक्ष गेलंय, हाच तर त्या गाठीचा अर्थ.

मावशींनी आतापर्यंत शेकडो बाळांना अंघोळ घातली असेल. तरी बायकोचा त्यांच्यावर विश्वास बसेना. विश्वास ठेवायची तिला इतकी इच्छा होती की त्यामुळेच बसेना. पुढे मावशींनी गरम शेक आणि आंबेहळदीचा लेपही सुचवला. आम्ही म्हटलं, उद्या डॉक्टरांना विचारू आणि मग बघू.

सोमवारी अकरा वाजता डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या साठीच्या पुढच्या आहेत, मोजकं बोलतात. गाठीला त्यांनी हातच लावला नाही. आधी लेकीचे सगळे कपडे काढायला लावले आणि डावा दंड खिडकीच्या उजेडाकडे वळवून बघितला. तिथे बीसीजीच्या लसीचा व्रण होता. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी लस दिली होती. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिथे बारीक फोड आला, मग त्यात पू झाला, फुटला, खपली धरली. हे होणारच असं आम्हाला आधी सांगितलेलं असल्यामुळे आम्ही त्याची फार दखल घेतली नव्हती.

मग प्रश्न. ताप? नाही. दूध नीट पिते? हो. घरात कुणाला टीबी, जुना खोकला? नाही. दोघांपैकी कुणाच्या घरात एखादं मूल वारंवारच्या जंतुसंसर्गाने लहानपणीच गेलंय का? नाही. (हा प्रश्न का विचारला ते नंतर कळलं. जन्मतःच प्रतिकारशक्तीत मोठा दोष असलेल्या बाळाच्या शरीरात ही लस पसरू शकते. असं फार क्वचित घडतं, पण विचारायचं असतं.) मग वजन, ते व्यवस्थित वाढलेलं. मग मान, उजवी काख, दोन्ही जांघा, पोट दाबून यकृत आणि प्लीहा. सगळ्यात शेवटी डावी काख.

"बीसीजीची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "सोनोग्राफी सांगितलीच आहे तर करून घ्या, तुम्हाला झोप लागेल. मला गरज वाटत नाही." दुपारी सोनोग्राफी केली. १४ बाय ९ मिलिमीटर, शेजारी अजून एक बारकी. सुजलेल्या लसिका ग्रंथी, बाकी काही नाही.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत असं. बीसीजीमध्ये मेलेले नाहीत, तर जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. नवजात बाळाला त्याची ०.०५ मिलीलिटर, म्हणजे थेंबभर लस डाव्या दंडाच्या कातडीत टोचतात. डाव्याच का? तर पुढे व्रण कुठे शोधायचा हे जगभर सगळ्यांना ठाऊक असावं म्हणून ठरवून ठेवलंय. त्या दंडातून निघणाऱ्या लसिकावाहिन्या डाव्या काखेतल्या ग्रंथींत पोचतात. ग्रंथी म्हणजे चेकपोस्ट. तिथे जंतूंची ओळख पटते, त्यांच्याशी लढणाऱ्या पेशींची भरती होते. भरती जोरात झाली की चेकपोस्ट फुगतो. लस दिल्यानंतर हे व्हायलाच हवं असतं, फक्त काही बाळांत ते बाहेरून हाताला लागण्याइतकं होतं. बहुतेक वेळा काखेत, कधीकधी त्याच बाजूच्या गळ्याच्या हाडावर. बहुतेक गाठी काही महिन्यांत आपोआप बसतात.

"मग औषध काय?" मी विचारलं.

"काही नाही. टीबीची औषधं देऊन या गाठीत फरक पडत नाही. शेक नको, लेप नको, दाबून बघणं तर अजिबात नको. थांबायचं."

बायको इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "काढून नाही का टाकता येणार?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "येईल की. पण आपोआप जाणाऱ्या गोष्टीसाठी तीन महिन्यांच्या पोरीला भूल कशाला द्यायची?" मग जरा थांबून म्हणाल्या, "घरात कुणाला गाठ झाली होती का?"

बायकोने मागे बघितलं. सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरबाई उठून त्यांच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, "आजी, तुमची गाठ आणि हिची गाठ, यांचं एकमेकींशी काही नातं नाही. तुमच्याकडून हिला काही आलेलं नाही. कळलं?"

सासूबाईंनी मान हलवली. मग लेकीला उचलून झबल्याचे बंद बांधायला लागल्या. तीन बंद बांधायला त्यांना बराच वेळ लागला. गुरुवारपासून त्या गप्प का होत्या ते मला तेव्हा कळलं. गाठ काय आहे यापेक्षा ती कुणामुळे आली हा प्रश्न त्या एकट्या वागवत होत्या.

कारण कळल्यावर काळजी संपेल असं मला वाटत होतं. तसं होत नाही. गाठ होती तिथेच होती. फरक एवढाच पडला की 'बरंच काही असू शकतं' या ढगाचे चार-पाच तपासता येण्याजोगे प्रश्न झाले. गाठ मऊ पडली का? वरची कातडी लाल, ताणलेली दिसते का? दुसरीकडे कुठे गाठ आली का? ताप? वजन वाढायचं थांबलंय का? यातलं एक जरी 'हो' झालं तर या, बाकी महिन्याने भेटा. गाठीत पू झालाच तर जाड सुईने काढून घेता येतो, चीर द्यायची नाही, नाहीतर ती जखम रेंगाळते. हे सगळं त्यांनी फाइलच्या मागच्या पानावर लिहून दिलं. आणि शेवटची ओळ अधोरेखित केली: आठवड्यातून एकदाच बघणे.

सगळ्यात अवघड तेच होतं. रोज बघितलं की रोज मोठी वाटते. म्हणून रविवार ठरला. अंघोळीनंतर, एकाच माणसाने, म्हणजे मी, हलक्या हाताने बघायचं. अर्थातच मी एक्सेल शीट केली. तारीख, अंदाजे आकार, कातडीचा रंग, वजन, शेरा. बायकोने 'अंदाजे आकार' या रकान्यात मिलिमीटर खोडून ड्रॉपडाउन करायला लावला: मसूर, वाटाणा, चिंचोका, सुपारी. इतर दिवशी कुणीही काखेचा विषय काढायचा नाही, असा कायदा. मोडला कुणी? बाबांनी. ते आता फोनवर विचारायचे, "आज वार कोणता?"

पाचव्या रविवारी सुपारी झाली. कातडीही जराशी गुलाबी वाटली. त्या रात्री परत डबे घासल्याचा आवाज आला. सोमवारी दाखवायला नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "टणक आहे अजून. कमी होण्याआधी अशी वाढते कधीकधी. थांबू या." सातव्या, आठव्या, नवव्या रविवारी शेरा एकच: जैसे थे. आमच्यात एखादा सिस्टिम ग्राफ सरळ रेषेत चालला की आम्ही खूश असतो. इथे सरळ रेषेकडे बघत नऊ आठवडे काढले.

मधल्या काळात सल्ले आले. दुसरं मत घ्या, तिसरं घ्या, अमक्याच्या मेव्हण्याकडे होमिओपॅथी आहे. पण लग्नाच्या एका पंगतीत एक नातेवाईक म्हणाले, "उगाच टोचलंत. नसती लस दिली तर गाठच आली नसती." तार्किकदृष्ट्या बरोबर. पण ते ऐकून बायकोचा चेहरा उतरला, आणि त्या रात्री मी यादी सोडून लसीचा इतिहास वाचायला घेतला.

बीसीजी म्हणजे बॅसिलस काल्मेत-गेरँ. आल्बेर काल्मेत डॉक्टर, कामिय गेरँ जनावरांचे डॉक्टर. फ्रान्समधल्या लील शहरातल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९०८ साली त्यांनी गाईंच्या टीबीचा जंतू घेतला आणि ग्लिसरीन, बटाटा आणि पित्ताच्या माध्यमावर वाढवायला सुरुवात केली. दर तीन आठवड्यांनी नव्या माध्यमावर. असं किती वेळा? २३० वेळा. १३ वर्षं. मधे पहिलं महायुद्ध झालं, लील जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी हे चालूच. शेवटी जंतू इतका दुबळा झाला की तो रोग देईना. १९२१ साली पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा एका नवजात बाळाला दिली गेली. त्या बाळाची आई टीबीने गेली होती. भारतात १९४८ साली आंध्रातल्या मदनपल्लीला बीसीजी द्यायला सुरुवात झाली आणि त्याच वर्षी मद्रासजवळ गिंडीला लस बनवायची प्रयोगशाळा उभी राहिली.

ही लस काही परिपूर्ण नाही. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या टीबीवर ती किती चालते हे बघायला मद्रासजवळच्या चिंगलपुट भागात १९६८ साली मोठी चाचणी सुरू झाली, आणि उत्तर निराशाजनक आलं. पण लहान मुलांना मेंदूच्या आवरणाचा टीबी आणि सगळ्या अंगात पसरणारा टीबी होतो, त्यापासून ती चांगलं संरक्षण देते. मेंदूज्वराचा हा प्रकार मूल नेतो, नाहीतर वाचलेल्या मुलाला आयुष्यभराचं अपंगत्व देऊन जातो. आणि आपल्याकडे टीबी लांब कुठेतरी नाही. लिफ्टमध्ये आहे, लोकलमध्ये आहे, शेजारी आहे. म्हणजे तागडीत एका बाजूला चिंचोका आणि दुसऱ्या बाजूला हे. सकाळी बायकोला एवढंच सांगितलं. यावेळी तिने 'सांगू नकोस' म्हटलं नाही.

अकराव्या रविवारी सुपारीचा परत चिंचोका झाला. सोळाव्या रविवारी वाटाणा. सासूबाई तोपर्यंत सांगलीला परतल्या होत्या. जायच्या आदल्या दिवशी बायकोने त्यांची फाइल मागितली तेव्हा कळलं की त्यांची स्वतःची वर्षाची मॅमोग्राफी दोन वर्षं राहिलीय. आधी लग्न, मग बाळंतपण, 'मला काय होतंय' वगैरे. बायको काही बोलली नाही. तिने सरळ मामाला फोन लावून अपॉइंटमेंट घेतली. पुढच्या आठवड्यात रिपोर्टचा फोटो आला. ठीक होता. त्या संध्याकाळी बायको पहिल्यांदा खूप रडली. लेकीच्या अख्ख्या प्रकरणात ती रडली नव्हती.

विसाव्या रविवारी मसूर, आणि तेविसाव्या रविवारी मला काही सापडलंच नाही. खात्रीसाठी मावशींना बघायला सांगितलं. त्यांनाही नाही. "म्हनलं न्हवतं?" त्या म्हणाल्या. म्हटलं होतंच. नाव त्यांनी अचूक सांगितलं होतं, आणि काय करायचं नाही ते डॉक्टरबाईंनी अचूक सांगितलं. आम्हाला दोन्हींची गरज पडली. डॉक्टरबाई म्हणाल्या, बारीकसा कण राहिला आणि कधी हाताला लागला तरी घाबरायचं नाही.

दंडावरचा व्रण मात्र राहील. माझ्या दंडावर आहे, बायकोच्या आहे, सासूबाईंच्याही आहे. तिघांपैकी कुणाला गाठ आली होती का, ते आता सांगायला कुणी नाही. आली असेल तर कुणीतरी तेव्हाही थांबलं असेल, शीटशिवाय.

असो. येत्या मंगळवारी गोवर-रुबेलाची लस आहे. बाबांचा फोन येऊन गेलाय, "ताप येईल का?" ताप आला तर द्यायचे थेंब आणून ठेवलेत.